पगार नाही, सपोर्ट आहे!

"दहा मिनिटं भेटशील? एक विषय आहे. फोनवर नको."

असा मेसेज आला की माझ्या पोटात गोळाच येतो. म्हणजे बघा ना, आपण सगळे आता तिशीच्या दारात उभे. या वयात कॉलेजचा मित्र तीन वर्षांनी अचानक 'भेटू या' म्हणाला की कारणं साधारण तीनच असतात. एक तर तो पॉलिसी विकायला लागलेला असतो. नाहीतर त्याला एक 'जबरदस्त बिझनेस ऑपॉर्च्युनिटी' सापडलेली असते, ज्यात आधी आपण दोन माणसं आणायची आणि मग त्या दोघांनी चार. तिसरं कारण घटस्फोट. तिसऱ्यासाठी मी जाते.

पण हा मेसेज पास्टरचा होता. खरं नाव छापायचं नाही अशी अट त्यानंच घातलीय, त्यामुळे ग्रुपमधलं टोपणनावच वापरते. पुरुषोत्तमच्या तालमींना तो लाइट्स सांभाळायचा. मूळचा नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर म्हणायचं, माहितीये), चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्यात शिव्या न देणारा हा एकटाच, आणि रविवारी सकाळची तालीम असली की इस्त्रीचा शर्ट घालून उशिरा येणारा. म्हणून पास्टर. पुढे तो हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, इन्स्टावर केकचे फोटो आले. म्हणजे एकदम आपल्यासारखंच.

"कॉफी शॉप नको, कॅम्पात इराण्याकडे भेटू," तो म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बनमस्का आला. त्यानं सॅकमधून एक घडी घातलेला कागद काढला. वर फॅमिली फोटो, खाली आकडे. झालं, पॉलिसी, मी मनात म्हटलं.

"मी जॉब सोडला," तो म्हणाला. "एका मंडळीत मदतनीस पाळक म्हणून लागलोय."

आता इथं एक खुलासा. आपण 'काय मंडळी, कसं काय' म्हणतो ती मंडळी वेगळी. मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे एका चर्चमधला भाविकांचा समुदाय, आणि त्यांना सांभाळणारा तो पाळक. चर्चमध्ये पूर्णवेळ काम करणं म्हणजे 'सेवेत उतरणं'. आणि त्यासाठी जो आतला धक्का बसावा लागतो, त्याला म्हणतात पाचारण. हे सगळे शब्द मला त्या दिवशी बनमस्क्यावर कळले. इतकी वर्षं ओळख, पण कधी विचारलंच नव्हतं.

"पाचारण म्हणजे नेमकं काय झालं? आवाज वगैरे आला?"

"नाही गं. रिलीजची रात्र होती. टीममधल्या एकाच्या वडिलांना हार्ट अटॅक आला, मी त्याच्याबरोबर हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर रात्रभर बसलो. पहाटे ते गेले. पुढचं सगळं मीच केलं, फोन, अ‍ॅम्ब्युलन्स, त्याच्या आईजवळ बसणं. घरी येताना लक्षात आलं की मला हे जमतं. बग शोधण्यापेक्षा बरं जमतं."

यावर काय बोलणार! मी चहा मागवला आणि आपल्या पिढीचा राष्ट्रीय प्रश्न विचारला.

"पगार?"

"पगार नाही. सपोर्ट आहे."

तर हे प्रकरण असं असतं. कॅथलिक फादर असेल तर त्याची सोय त्याचा धर्मप्रांत किंवा त्याचा संघ बघतो. जुन्या, मोठ्या प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये, म्हणजे १९७० साली नागपूरला स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया वगैरे, तिथं पाळकांना ठरलेलं वेतन असतं, बदल्या असतात, निवृत्ती असते. आपल्या सरकारी नोकरीसारखंच थोडंफार. पण छोट्या स्वतंत्र चर्चेसचं आणि बऱ्याच मिशन संस्थांचं गणित वेगळं. तिथं नव्या माणसाला सांगतात, ये, काम भरपूर आहे, मात्र तुझा महिन्याचा खर्च तू उभा कर. नातेवाईक, मित्र, जुनं चर्च, ऑफिसातले लोक, ज्यांना तुझ्यावर विश्वास आहे त्यांनी दरमहा थोडंथोडं द्यायचं. काही संस्थांत तर ठरलेला आकडा जमल्याशिवाय जॉइनिंगच नाही.

पास्टरच्या मंडळीत साठेक कुटुंबं. नर्सेस, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बायका, सिक्युरिटीवाले. रविवारी दानार्पणाची थैली फिरते, त्यातून हॉलचं भाडं आणि वयस्कर पाळकांचं मानधन जेमतेम निघतं. याला ते महिना सहा हजार देऊ शकत होते. कागदावरचं बजेट मी वाचलं. घरभाडं ९,०००. किराणा-भाजी ७,०००. मुलीची शाळा ३,०००. पेट्रोल २,५००. लाइट, गॅस, फोन मिळून २,५००. आईवडिलांची औषधं १,५००. मेडिक्लेमचा हप्ता १,५००. आजाऱ्यांच्या भेटी, प्रवास ३,०००. एकूण तीस हजार. वजा सहा. उरले चोवीस हजार, म्हणजे पाचशे रुपये देणारी अठ्ठेचाळीस माणसं.

सिनेमा नाही, हॉटेल नाही, कपडे नाहीत. मी ते बोलूनही दाखवलं.

"ते लिहिलं तर चोवीसच्या जागी चौदा येतील," तो हसून म्हणाला.

मी पर्सवर हात ठेवला. "बरं, माझे किती धरलेस?"

"तुझे? काहीच नाही. तू मासकॉमवाली ना, हे पत्र नीट करून दे. माझं मराठी टेस्ट रिपोर्टसारखं होतं."

खरं सांगू? आधी हायसं वाटलं. मग थोडासा रागच आला. म्हणजे मी अठ्ठेचाळिसांत नाही?

पत्र मी दोन दिवसांत लिहून दिलं. एकदम प्रोफेशनल. पहिल्याच ओळीत हॉस्पिटलची रात्र, मग वस्तीतली एक मुलगी, मग 'तुमचे फक्त सतरा रुपये रोज एक आयुष्य बदलू शकतात.' (पाचशे भागिले तीस. हे गणित आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात.) पत्र परत आलं तेव्हा त्यावर इतकं लाल होतं की मला माझ्या पहिल्या चीफ सबची आठवण झाली. आयुष्य बदलू शकतात, काट. वस्तीतली मुलगी, काट. शेजारी लिहिलेलं, 'तिला विचारलं नाहीये.' हॉस्पिटलची रात्र, काट. 'ते त्याचे वडील होते, माझी स्टोरी नाही.' उरलं काय, तर मी कोण, काय करणार, किती लागतात, दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवीन, आणि शेवटी 'नाही म्हणालात तरी आपलं नातं आहे तसंच राहील.'

मी म्हटलं, अरे, असल्या पत्राला कुणी पैसे देतं का?

तो म्हणाला, बघू.

त्याला एका सीनियरनं ट्रेनिंगही दिलं होतं. आधी शंभर नावांची यादी काढायची. शाळा, कॉलेज, ऑफिस, चुलते, मामा, जुने शेजारी. मग एकेकाला प्रत्यक्ष भेटायचं, ग्रुपवर फॉरवर्ड टाकायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा स्पष्ट सांगायचा आणि मग गप्प बसायचं. 'जमेल तसं हो', 'काही घाई नाही' असली सारवासारव करायची नाही. समोरच्याला विचार करू द्यायचा. पास्टर म्हणतो, त्या गप्प बसण्यातले दहा सेकंद त्याच्या आयुष्यातले सर्वांत लांब सेकंद असतात. सख्ख्या मामापुढे तर पंखा किती वेळा फिरला तेही मोजून झालं.

(ही आयडिया मी एका एडिटरवर वापरली. माझा शब्दामागचा रेट सांगितला आणि गप्प बसले. तोही गप्प. मग 'हॅलो, हॅलो, नेटवर्क गेलं वाटतं' म्हणून त्यानं फोन ठेवला. असो.)

यातलं एक प्रॅक्टिकल अंगही सांगते, कारण तुमच्यापैकी निम्मे फायनान्समध्ये आहात. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर रक्कम भेट म्हणून आली तर ती सगळी करपात्र उत्पन्न धरतात. म्हणून शहाणे लोक पैसे स्वतःच्या खात्यात घेत नाहीत. ते नोंदणीकृत ट्रस्टकडे जातात, ट्रस्ट पावती फाडतो आणि याला मानधन देतो. देणाऱ्याला ८०जी मिळेलच असं नाही, कारण ती सवलत धर्मादाय कामाला आहे, निव्वळ धार्मिक कामाला नाही. आणि 'बाहेरून डॉलर येत असतील की' असं जे सगळे डोळा मारून विचारतात, त्यांच्यासाठी: परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पास्टरच्या ट्रस्टकडे यातलं काहीच नाही. त्याचा सर्वांत लांबचा सपोर्टर पिंपळे सौदागरला राहतो.

मला मात्र त्या पत्रानं झोप लागू देईना. उत्सुकतेपोटी मी वाचत सुटले, आणि कळलं की हा 'सपोर्ट' प्रकार आपल्याला वाटतो तितका नवा मुळीच नाही. विल्यम कॅरी घ्या. इंग्लंडातला चांभारकाम करणारा माणूस. त्याला पुढं धाडणारी संस्था १७९२ साली केटरिंग गावात निघाली तेव्हा जमलेल्या मोजक्या पाळकांनी मिळून वचन दिलं होतं तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्सचं. वर्गणीच्या चिठ्ठ्या एका तपकिरीच्या डबीत गोळा केल्या म्हणतात. १७९३ मध्ये तो बंगालात उतरला आणि लवकरच पैसे संपले. मग काय, पठ्ठ्यानं निळीच्या कारखान्यात मॅनेजरची नोकरी धरली. पुढं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि चक्क मराठी शिकवायला लागला, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, आणि पगाराचा मोठा हिस्सा मिशनच्या सामाईक खात्यात टाकत राहिला. म्हणजे मराठी व्याकरणाच्या सुरुवातीच्या एका छापील पुस्तकामागे एका मिशनऱ्याचा पोटापाण्याचा जॉब आहे, हे आम्हाला कुठल्याच सेमिस्टरला कुणी सांगितलं नाही.

दुसरं टोक जॉर्ज म्युलर. १८३० मध्ये यानं ठरलेला पगारच नाकारला, कारण तो चर्चमधल्या बाकांच्या भाड्यातून यायचा. पैसेवाल्यांना चांगली जागा आणि गरिबांना मागची, हे त्याला पटेना. त्याऐवजी चर्चमध्ये एक पेटी ठेवली. पुढं ब्रिस्टलमध्ये त्यानं दोन हजारांवर मुलं राहतील एवढे अनाथाश्रम उभे केले, आणि नियम हा की गरज कुणा माणसाला सांगायची नाही, फक्त प्रार्थना करायची. वार्षिक हिशेब मात्र छापायचा. (हिशेब छापणं हेही एक प्रकारे सांगणंच झालं की, असं माझ्यातल्या पत्रकाराला वाटतं. पण पैन् पै छापायचा, हे खरं.)

या म्युलरचं चरित्र वाचून भारावलेली एक व्यक्ती आपल्या अगदी शेजारची. पंडिता रमाबाई. विधवा मुलींसाठी त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्यात आणलं. त्यामागे बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचा दहा वर्षांचा आधार होता. मुदतीचा सपोर्ट. पास्टरच्या भाषेत 'टर्म प्लेज'. मग दुष्काळ आला, रमाबाई शेकडो मुली-बायका घेऊन आल्या, आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. दौंडच्या लोकलनं जाता येतं, एकदा जाऊन या.

आणि रेव्हरंड टिळक! ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. मिशनच्या पगारावर जगणारा उपदेशक आपल्या लोकांना आपला वाटत नाही, हे त्यामागचं एक दुखणं होतं. १९१९ मध्ये ते गेलेच. टिळक हातात आलेला पैसा कसा वाटून टाकायचे आणि घर कसं चालायचं, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. आपण शाळेत त्यातला धडा वाचला तेव्हा हसलो होतो. आता परत वाचताना मी लक्ष्मीबाईंच्या जागेवरून वाचलं आणि हसू कमी आलं.

कारण पास्टरच्या घरीही एक लक्ष्मीबाई आहे. ती नर्स. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली होती. मी तिला विचारलं, तुला विचारलं होतं का त्यानं? "विचारलं," ती म्हणाली. "सहा महिने विचारत होता. शेवटी मीच म्हटलं, आता उतर बाबा सेवेत, निदान रोज विचारणं तरी थांबेल." मग थोड्या वेळानं, मुलीची वेणी घालता घालता, "मला भीती पैशाची नाही वाटत. लोकांच्या नजरेची वाटते."

ती नजर काय असते ते पुढच्या काही महिन्यांत दिसलं. जूनमध्ये त्यानं सुरुवात केली तेव्हा होकार होते एकतीस. पहिल्या महिन्यात पैसे आले सत्तावीस जणांचे. ऑगस्टमध्ये कुणीतरी चार दिवस अलिबागला नेलं, त्याचा फोटो बायकोनं टाकला, तर एका काकांचा मेसेज, 'छान! आमच्या पैशांनी फिरताय वाटतं.' पाचशे रुपये देणारे काका. तो फोटो तिनं काढून टाकला. मग खर्चाचा ताळ बसेना म्हणून तिनं नाइट ड्युटी धरली, तर तिघांनी कळवलं की आता वहिनी कमावतात, आमची मदत दुसऱ्या गरजूला देतो. यानं रात्रीचं फ्रीलान्स टेस्टिंग सुरू केलं, तर चौथ्यानं म्हटलं, पूर्णवेळ सेवा म्हणालात आणि हे काय? दिवाळीच्या सुमारास आयटीत पुन्हा माणसं कमी करायचं वारं सुटलं, त्यात त्याचे दोन जुने टीममेट गेले. त्यांनी स्वतः फोन करून माफी मागितली. हा त्यांचेच सीव्ही नीट करून देत बसला. डिसेंबरमध्ये आकडा बावीसवर.

रात्रीच्या टेस्टिंगचं तो फार मनाला लावून घेत नाही. बायबलमधला पौल म्हणे तंबू शिवायचा. करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोबरोबर त्याच धंद्यात होता, आणि फिलिप्पैच्या लोकांकडून मदतही घ्यायचा. दोन्ही चालतं. "मी तंबूवाला," पास्टर म्हणतो, "फक्त माझा तंबू क्रॅश होतो."

पण जानेवारीत आमचं भांडण झालं. चांगलंच.

त्याच्या मुलीला डेंगी झाला होता. प्लेटलेट्स उतरल्या, पाच दिवस अ‍ॅडमिट. मेडिक्लेमनं काही भाग दिला, बाकीचं बिल पदरात. मला हे कळलं तीन आठवड्यांनी, तेही त्याच्या बायकोकडून. आणि त्याच महिन्यात त्याचं तिमाही पत्र माझ्याकडे तपासायला आलेलं. त्यात काय, तर नव्या वर्षाच्या शुभेच्छा, युवकांचा अभ्यासवर्ग, हॉलच्या गळक्या पत्र्याची दुरुस्ती.

"तू मूर्ख आहेस का?" मी फोनवर ओरडलेच. "एक ओळ लिहिली असतीस तर लोकांनी दिले असते."

"दिले असते. माहितीये."

"मग?"

"आजाराचं पत्र लिहिलं की पैसे येतात गं. मग पुढच्या तिमाहीत पैसे कमी पडले की मी घरात आजार शोधायला लागेन. मला माझी भीती वाटते."

मी म्हटलं, हा अहंकार आहे. मागायला निघालास ना, मग पूर्ण माग. तुझ्या तत्त्वांचं बिल बायको नाइट ड्युटी करून भरतेय. तो काहीच बोलला नाही. दहा सेकंद. मग म्हणाला, "हे तू बरोबर बोललीस," आणि फोन ठेवला. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

अजूनही मला कळत नाही की आमच्यात कोण बरोबर होतं. मी जाहिरातीचं कॉपीरायटिंग करते. भावना हलवणारं वाक्य कसं बसवायचं हे माझं पोट आहे. आणि माझ्या ओळखीत एक माणूस असा, की ज्याच्याकडे खरी गोष्ट होती आणि ती त्यानं विकली नाही. त्याच वेळी त्याची बायको पहाटे सहाला स्कूटरवरून घरी येत होती. दोन्ही खरंच.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला, जणू काही झालंच नव्हतं. पुण्यात धर्मशास्त्र शिकायला ईशान्येकडची बरीच मुलं येतात, त्यातल्या एका मिझो मित्रानं त्याला सांगितलेली गोष्ट मला सांगायची होती. मिझोराममध्ये १९१० पासून एक पद्धत आहे. घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ काढते तेव्हा दर वेळी एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. चर्चच्या बायका घरोघरचे तांदूळ गोळा करतात, विकतात, आणि त्या पैशांतून चर्चची माणसं, कामं चालतात. मूठ मूठ तांदळावर. आजही. "बघ ना," तो म्हणाला, "तिथं कुणी कुणाचा फोटो बघून मूठ कमी करत नाही. कारण ती कुणा एका माणसाला नसते."

हे मी घरी जेवताना सांगितलं. आई आजवर या प्रकरणावर तोंड वाकडं करूनच होती. तिचे दोन आक्षेप. एक, "लोकांना बाटवणार का तो?" मी हे पास्टरला सरळ विचारलं होतं. त्याचं उत्तर, "काकूंना सांग, आमच्या साठ घरांत तीन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत. ते रविवारी वेळेवर येतील एवढं झालं तरी खूप." आईचा यावर फारसा विश्वास बसला नव्हता. दुसरा आक्षेप जास्त खोल. "धडधाकट माणूस, इंजिनीअर, आणि दारोदार मागतो? आपल्याकडे याला काय म्हणतात माहितीये ना?"

मिझोरामची मूठ ऐकून ती थांबली. भाताचा घास तसाच हातात.

"तुझे आजोबा वार लावून शिकले," ती म्हणाली.

माझे आजोबा राजापूरकडून पुण्यात आले ते चाळीसच्या दशकात, चौदा वर्षांचे असताना. सदाशिव पेठेत एका खोलीत चौघं. जेवायला सात घरी सात वार. सोमवार एका वकिलांकडे, मंगळवार कुणा वैद्यांकडे, असं. हे मला ऐकून ठाऊक होतं, पण किश्श्यासारखं. आईनं त्या दिवशी उरलेलं सांगितलं. गुरुवारच्या घरी त्यांना ओटीवर वाढायचे, आणि वाढताना त्या बाई रोजचे मार्क विचारायच्या. मार्क कमी पडले की ताक मिळायचं नाही. शनिवारचं घर अचानक सुटलं, तेव्हा सहा महिने शनिवारी ते शेंगदाणे खाऊन राहिले आणि बाकीच्या सहा घरांना कधी सांगितलं नाही. "का नाही सांगितलं?" मी विचारलं. "काय माहीत," आई म्हणाली. "मी विचारलं होतं. म्हणाले, सांगितलं असतं तर शुक्रवारवाल्यांनी जास्त वाढलं असतं, आणि मग मला शुक्रवारची वाट बघायची सवय लागली असती."

मला एकदम पास्टरचा आवाज ऐकू आला. अगदी तोच.

मी अजून त्याच्या अठ्ठेचाळिसांत नाही. एकदा मीच विषय काढला होता, तेव्हा तो म्हणाला, "तुझे इन्व्हॉइस आधी वसूल कर, मग बोलू." माझे तीन महिन्यांचे पैसे एका ठिकाणी अडकलेत हे त्याला माहीत आहे. शिवाय मी देव मानते की नाही हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही, त्यामुळे त्याच्या प्रवचनाचा खर्च मी का उचलावा, हा प्रश्न आहेच. तो त्यालाही मान्य आहे.

पण दर मंगळवारी तो आमच्या भागात असतो. कॅनॉलजवळच्या वस्तीतल्या पोरांचा दहावीचा अभ्यास घेतो, मग दोन म्हाताऱ्या आजाऱ्यांना भेटून रात्री नऊला हडपसरच्या पुढं घरी. मध्ये वडापाव. हे मी आईला कधीतरी सहज सांगितलं असणार, कारण परवा मी लॅपटॉपवर डेडलाइन गाठत बसलेली असताना ती स्वयंपाकघरातून ओरडली,

"तुझ्या त्या पास्टरला फोन कर. मंगळवार आपला म्हणावं. साडेसातला ये, पान वाढलेलं असेल."

मी फोन लावला. पलीकडे दहा सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "काकूंना विचार, मी भांडी घासली तर चालेल का?"

"चालेल," आई स्पीकरवर ओरडली. "आणि मंगळवारी आमच्याकडे नॉनव्हेज नसतं, हे आधीच सांगून ठेव त्याला. नंतर कुरकुर नको."